सोळा सामने, शून्य विजय: डेट्रॉइट लायन्सचा 2008 चा हंगाम कसा घडला

12 ऑक्टोबर 2008 रोजी मिनियापोलिसच्या मेट्रोडोममध्ये डेट्रॉइट लायन्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा डॅन ऑर्लोव्हस्की आपल्याच गोलरेषेपासून जेमतेम एका यार्डाच्या अंतरावरून खेळ सुरू करणार होता. व्यावसायिक कारकिर्दीत पहिल्या मिनिटापासून मैदानात उतरण्याची ही त्याची पहिलीच वेळ होती. चेंडू हातात येताच तो मागे सरकला आणि उजवीकडे धावू लागला, कारण मिनेसोटा व्हायकिंग्जचा जेरेड ॲलन हा दांडगा बचावपटू थेट त्याच्या अंगावर चालून येत होता. चेंडू कोणाकडे फेकावा हे शोधण्यात ऑर्लोव्हस्की इतका गुंतला होता, की मैदानाची मागची पांढरी रेषा आपण ओलांडली आहे हे त्याच्या ध्यानातच आले नाही. रेषेच्या बाहेरून तो आणखी काही पावले धावत राहिला. पंचांच्या शिट्ट्या ऐकू आल्या, तेव्हाही खेळ सुरू होतानाच कोणत्या तरी संघाची चूक झाली असावी असे त्याला वाटले.

अमेरिकन फुटबॉलमध्ये मैदान शंभर यार्ड लांब असते आणि दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचा एकेक पट्टा असतो, ज्याला एंड झोन म्हणतात. प्रतिस्पर्ध्याच्या एंड झोनमध्ये चेंडू नेला तर टचडाउन होते आणि सहा गुण मिळतात. मात्र आपल्याच एंड झोनमध्ये चेंडूसह अडवले गेलो किंवा तेथून रेषेबाहेर गेलो, तर समोरच्या संघाला आयते दोन गुण मिळतात. याला सेफ्टी म्हणतात. तो सामना लायन्सने 10 विरुद्ध 12 असा गमावला. फरक नेमका दोन गुणांचा होता.

त्या वर्षी लायन्स सोळा सामने खेळले आणि सोळाही हरले. 1978 साली नॅशनल फुटबॉल लीग, म्हणजे एनएफएलने, हंगाम सोळा सामन्यांचा केला, तेव्हापासून असे कोणत्याही संघाच्या वाट्याला आले नव्हते. 1976 साली टॅम्पा बे बकनियर्सने चौदापैकी चौदा सामने गमावले होते, परंतु तो संघ त्याच वर्षी जन्माला आला होता. लायन्स हा 1930 च्या दशकापासून डेट्रॉइटमध्ये खेळणारा जुना संघ होता. आदल्या हंगामातील पहिल्या आठ सामन्यांपैकी त्याने सहा जिंकले होते. 2008 च्या ऑगस्टमधील सरावाचे चारही सामनेसुद्धा त्याने जिंकले, मात्र त्या निकालांना फारसा अर्थ नसतो, कारण अशा सामन्यांत मुख्य खेळाडू थोडाच वेळ खेळतात आणि उरलेला वेळ संघात जागा मिळवू पाहणाऱ्या होतकरूंना दिला जातो.

हा शून्य समजून घ्यायचा असेल तर ऑर्लोव्हस्कीच्या त्या पावलापाशी थांबून चालणार नाही. अमेरिकेत आजही ती चित्रफीत दाखवून लोक हसतात, आणि मला ते अन्यायाचे वाटते. लायन्सचे बहुतेक पराभव मैदानावर होण्याच्या कितीतरी वर्षे आधी कार्यालयात बसून तयार झाले होते.

असे होणे मुळात अवघड का असते, ते आधी पाहू. एनएफएलची सगळी रचनाच मुळी कोणताही संघ फार काळ तळाशी राहू नये, अशा हेतूने केलेली आहे. लीगमध्ये बत्तीस संघ आहेत आणि युरोपातील फुटबॉलप्रमाणे तळाचा संघ खालच्या श्रेणीत ढकलला जात नाही. राष्ट्रीय दूरचित्रवाणीच्या करारांतून येणारा प्रचंड पैसा सर्व संघांत समसमान वाटला जातो. प्रत्येक संघाने खेळाडूंच्या वेतनावर किती खर्च करावा याला कमाल मर्यादा असते आणि 2008 साली ती सुमारे 11.6 कोटी डॉलर होती. श्रीमंत मालकाला सगळे उत्तम खेळाडू विकत घेता येत नाहीत ते यामुळेच.

या रचनेतील सर्वांत महत्त्वाची यंत्रणा म्हणजे ड्राफ्ट. दरवर्षी वसंत ऋतूत महाविद्यालयीन फुटबॉलमधून व्यावसायिक खेळाकडे येणाऱ्या तरुणांची निवड होते. आयपीएलमध्ये लिलाव असतो आणि जास्त बोली लावणाऱ्याला खेळाडू मिळतो, तसे येथे नाही. येथे रांग असते, आणि ती उलटी असते. आदल्या वर्षी सर्वांत वाईट खेळलेला संघ पहिला निवड करतो आणि विजेता संघ शेवटी. अशा सात फेऱ्या होतात. म्हणजे हरणाऱ्या संघाला देशातील सर्वोत्तम तरुण खेळाडू उचलण्याची संधी वर्षानुवर्षे मिळत राहते. ती संधी नीट वापरणारा संघ चार-पाच वर्षांत वर येतो. लायन्स मात्र 2002 ते 2007 या काळात सतत रांगेच्या पुढच्या टोकाला उभे राहूनही खालीच जात राहिले.

2001 च्या जानेवारीत संघाचे मालक विल्यम क्ले फोर्ड यांनी मॅट मिलेन यांच्या हाती सगळा कारभार सोपवला. फोर्ड हे मोटारउद्योगाचे जनक हेन्री फोर्ड यांचे नातू, आणि 1960 च्या दशकापासून संघ त्यांच्या मालकीचा होता. मिलेन हे एके काळचे नामवंत बचावपटू होते, सुपर बोल, म्हणजे लीगच्या अजिंक्यपदाचा सामना, जिंकणाऱ्या संघांत ते चार वेळा होते आणि नंतर दूरचित्रवाणीवर उत्तम समालोचन करत. परंतु संघाची बांधणी, खेळाडूंची पारख, करारमदार, वेतनमर्यादेचा हिशेब ही कामे त्यांनी कधीही केलेली नव्हती. ज्याने दुकान चालवलेले नाही त्याच्या हाती एकदम पेढीच्या किल्ल्या द्याव्यात, तसा हा प्रकार झाला.

त्यानंतरच्या ड्राफ्टमध्ये काय घडले ते पाहण्यासारखे आहे. 2002 साली तिसऱ्या क्रमांकावर लायन्सने जोई हॅरिंग्टन हा क्वार्टरबॅक निवडला. क्वार्टरबॅक म्हणजे आक्रमणाचा सूत्रधार, ज्याच्या हातात प्रत्येक चालीच्या सुरुवातीला चेंडू येतो. त्याच्या मदतीसाठी चांगला वाइड रिसीव्हर हवा, म्हणजे लांब धावत जाऊन फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू. म्हणून 2003 साली दुसऱ्या क्रमांकावर चार्ल्स रॉजर्स हा वाइड रिसीव्हर घेतला गेला. 2004 साली सातव्या क्रमांकावर पुन्हा वाइड रिसीव्हर, रॉय विल्यम्स. 2005 साली दहाव्या क्रमांकावर तिसऱ्यांदा वाइड रिसीव्हर, माइक विल्यम्स. 2007 साली दुसऱ्या क्रमांकावर चौथा, कॅल्विन जॉन्सन. पाच वर्षांत चार वेळा पहिल्या फेरीची अमूल्य निवड एकाच जागेवर खर्ची पडली.

यातला दोष समजण्यासाठी हा खेळ थोडा जवळून पाहावा लागतो. एका वेळी प्रत्येक बाजूचे अकरा खेळाडू मैदानात असतात. आक्रमणाच्या बाजूला पाच अवाढव्य खेळाडू ओळीने उभे राहतात आणि त्यांचे काम क्वार्टरबॅकला दोन-तीन सेकंदांचा श्वास मिळवून देणे हे असते. ती फळी कोसळली तर मैदानाच्या दुसऱ्या टोकाला कितीही वेगवान झेलकरी मोकळा असला तरी चेंडू त्याच्याकडे जातच नाही. बचावाच्या बाजूलाही हेच तत्त्व लागू होते. समोरची फळी दमदार असेल तर मागच्यांचे काम सोपे होते, आणि ती कमकुवत असेल तर मागच्यांचे कौशल्य वाया जाते. वाइड रिसीव्हर हा कळस असतो, आणि लायन्सने पाया खणण्याआधीच एकामागून एक कळस विकत घेतले.

दैवानेही साथ दिली नाही हे खरे आहे. चार्ल्स रॉजर्सचे गळपट्टीचे हाड पहिल्याच हंगामात मोडले, दुसऱ्या हंगामाच्या पहिल्याच सामन्यात पुन्हा मोडले आणि तिसऱ्या वर्षी अमली पदार्थविषयक नियमभंगामुळे त्याच्यावर बंदी आली. त्या तिसऱ्या हंगामानंतर तो लीगमध्ये कधीच खेळला नाही. पण रॉजर्सच्या पाठोपाठ, तिसऱ्या क्रमांकावर ह्यूस्टनने आंद्रे जॉन्सनला घेतले, आणि 2005 साली माइक विल्यम्सच्या पाठोपाठ, अकराव्या क्रमांकावर डॅलसने डिमार्कस वेअर हा बचावपटू घेतला. हे दोघेही पुढे त्या पिढीतील थोर खेळाडूंत गणले गेले. म्हणजे दोन्ही वेळा योग्य उत्तर पुढच्याच नावात होते. एखादी निवड चुकणे कोणालाही टळत नाही, पण खेळाडूंची पारख करणारी माणसे आणि पद्धतच कच्ची असेल तर चूक नियम होऊन बसते.

चुकीच्या निवडीची किंमत तेथेच संपत नाही, कारण वेतनमर्यादेचा हिशेब वेगळ्याच पद्धतीने चालतो. समजा एखाद्या खेळाडूला पाच वर्षांच्या करारावर सही करताना एक कोटी डॉलर रोख मिळाले. कागदावर ही रक्कम दरवर्षी वीस लाख अशी पाच वर्षांत विभागून दाखवली जाते. दोन वर्षांनी तो निरुपयोगी ठरून संघाने त्याला सोडले, तर उरलेले साठ लाख डॉलर साधारणपणे लगेच हिशेबात येऊन पडतात. तो खेळाडू घरी असतो, पण मर्यादेतील त्याची जागा अडलेलीच राहते. त्या काळी ड्राफ्टमध्ये वरच्या क्रमांकावर निवडलेल्या नवख्यांना फार मोठे करार मिळत, त्यामुळे वरच्या क्रमांकाची चूक संघाला दोनदा भोवे: एकदा मैदानावर आणि एकदा वहीत.

डेट्रॉइटच्या प्रेक्षकांना हे सगळे दिसत होते. 2005 च्या डिसेंबरमध्ये मिलेन यांना काढावे म्हणून चाहत्यांनी स्टेडियमबाहेर मोर्चासुद्धा काढला. तरीही मालकांनी त्यांना ठेवले. अखेर 2008 च्या सप्टेंबरमध्ये पहिले तीन सामने हरल्यावर मालकांचे चिरंजीव बिल फोर्ड यांनी, आपल्या हाती अधिकार असता तर मिलेन येथे राहिले नसते, अशा आशयाचे जाहीर विधान केले आणि दोन दिवसांनी, 24 सप्टेंबरला, मिलेन यांना दूर करण्यात आले. तोवर त्यांच्या कारकिर्दीत संघाने 31 विजय आणि 84 पराभव पाहिले होते.

आता प्रत्यक्ष त्या हंगामाकडे वळू. मुख्य प्रशिक्षक रॉड मॅरिनेली हे कष्टाळू आणि सरळ वृत्तीचे गृहस्थ होते. ते टॅम्पा बे संघातून आले होते आणि तेथे यशस्वी ठरलेली बचावाची पद्धत त्यांनी डेट्रॉइटमध्ये आणली. या पद्धतीत मागचे खेळाडू फार धोका न पत्करता आपापला प्रदेश राखतात आणि क्वार्टरबॅकवर दडपण आणण्याचे काम पुढच्या चौघांनी एकट्याने करायचे असते. म्हणजे पुढचे चौघे उत्कृष्ट असले तरच ती चालते. लायन्सने मात्र 2008 चा हंगाम सुरू होण्याआधीच पुढच्या फळीतला आपला सर्वांत भारी खेळाडू शॉन रॉजर्स क्लीव्हलँडला देऊन टाकला. परिणाम आकड्यांत स्पष्ट दिसतो. प्रतिस्पर्धी संघ लायन्सविरुद्ध नुसते चेंडू घेऊन धावत सरासरी 172 यार्ड मिळवत होते, आणि संपूर्ण हंगामात लायन्सच्या बचावपटूंना समोरच्याचा फेकलेला चेंडू फक्त चार वेळा हिसकावता आला. बचावाचे सूत्रधार जो बॅरी हे मॅरिनेली यांचे जावई होते, त्यामुळे पराभव वाढत गेले तसतशी त्या नात्याची चर्चाही शहरात वाढत गेली.

आक्रमणाची अवस्था थोडी वेगळी होती. जॉन किट्ना दुखापतीमुळे बाहेर गेला, मग ऑर्लोव्हस्की आला, आणि नोव्हेंबरमध्ये डाँटे कल्पेपर याला बोलावले गेले, ज्याने त्याच शरद ऋतूत निवृत्ती जाहीर केली होती. क्वार्टरबॅक असे बदलत असतानाही कॅल्विन जॉन्सनने 1,331 यार्ड आणि 12 टचडाउन मिळवले. मला त्या वर्षातील ही सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. चेंडू कोण फेकणार याची खात्री नाही, समोरच्या संघाचे दोन-दोन बचावपटू कायम पाठीशी, निकाल ठरल्यासारखाच, आणि तरी हा तरुण प्रत्येक रविवारी त्याच ताकदीने उडी मारून चेंडू खाली आणत होता.

हे सोळाही पराभव सारखेच होते का? नाही. थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दिवशी डेट्रॉइटमध्ये सामना खेळण्याची प्रथा 1934 पासून चालत आली आहे. त्या दिवशी सारा देश जेवणाच्या टेबलाभोवती बसून खेळ पाहत असताना टेनेसी टायटन्सने लायन्सना 47 विरुद्ध 10 असे धुऊन काढले. न्यू ऑर्लीन्सविरुद्ध 42 विरुद्ध 7 असा निकाल लागला. टॅम्पा बेविरुद्ध लायन्सने 17 विरुद्ध शून्य अशी आघाडी घेतली आणि तरीही 38 विरुद्ध 20 अशी मात खाल्ली. दुसरीकडे पाच सामने असे होते, ज्यांत अंतर आठ किंवा त्याहून कमी गुणांचे होते: मिनेसोटाविरुद्ध दोन आणि चार, शिकागोविरुद्ध चार, ह्यूस्टनविरुद्ध सात आणि वॉशिंग्टनविरुद्ध आठ. आठ हा आकडा महत्त्वाचा आहे, कारण टचडाउनचे सहा आणि त्यानंतरच्या विशेष प्रयत्नाचे दोन असे एका चढाईत जास्तीत जास्त आठ गुण मिळतात. म्हणजे या पाचही सामन्यांत एक चढाई इकडची तिकडे झाली असती तर निकाल बदलू शकला असता. मिनेसोटाविरुद्ध दोन गुणांनी गेलेल्या त्या सामन्यात लायन्स शेवटच्या मिनिटांपर्यंत पुढे होते. मग त्यांच्या बचावपटूला एक वादग्रस्त दंड झाला आणि अगदी शेवटच्या सेकंदांत व्हायकिंग्जने फील्ड गोल मारून, म्हणजे चेंडू लाथेने खांबांमधून धाडून तीन गुण मिळवून, सामना नेला.

येथे साधे गणित उपयोगी पडते. असे अटीतटीचे सामने साधारण नाणेफेकीसारखे मानले, तर पाच वेळा नाणे उडवून पाचही वेळा विरुद्ध पडण्याची शक्यता बत्तिसात एक असते. दुसऱ्या मार्गानेही तपासता येते. संघाने केलेले आणि दिलेले गुण यांच्या प्रमाणावरून त्याने किती सामने जिंकायला हवे होते याचा अंदाज बांधणारे एक प्रचलित सूत्र आहे. लायन्सने हंगामात 268 गुण केले आणि 517 दिले. सूत्रात हे आकडे घातले तर उत्तर तीनच्या आसपास येते. तात्पर्य असे, की हा संघ मुळात तेरा सामने हरण्याच्या लायकीचा होता, आणि ती लायकी सात वर्षांच्या कारभाराने कमावून ठेवली होती. उरलेले तीन पराभव दुर्दैवाचे. दोन्ही एकत्र आल्याशिवाय सोळापैकी सोळा होत नाहीत, म्हणूनच ही घटना इतकी विरळ आहे. तेरा पराभव झाले असते तर आज त्या हंगामाची कोणाला आठवणही राहिली नसती.

हे वाचताना एक शंका मनात येणे साहजिक आहे. हरणाऱ्याला पहिली निवड मिळते, तर मग संघ मुद्दाम हरत असेल का? व्यवस्थापन कधी कधी भविष्याकडे पाहून वर्तमान सोडून देते. त्याच ऑक्टोबरमध्ये लायन्सने रॉय विल्यम्सला डॅलसकडे पाठवून बदल्यात पुढच्या वर्षीच्या पहिल्या फेरीतील निवडीसह इतर निवडी मिळवल्या, हा तसाच निर्णय होता आणि तो शहाणपणाचाही होता. पण मैदानावरील खेळाडू मुद्दाम हरत नाहीत, आणि त्यामागे केवळ स्वाभिमान नसतो. एनएफएलमधील बहुतेक करारांची पूर्ण हमी नसते, त्यामुळे संघ खेळाडूला बहुधा पुढच्याच वर्षी सोडू शकतो. दर सामन्याचे चित्रीकरण इतर एकतीस संघ बारकाईने पाहत असतात आणि तेच खेळाडूचे प्रगतिपुस्तक असते. पुढच्या वर्षी निवडला जाणारा तरुण तर कदाचित त्याचीच जागा घेणार असतो. अशा माणसाने संघाच्या भवितव्यासाठी हरावे हे संभवत नाही. उलट तो पराभव त्याला जन्मभर चिकटतो. त्या वर्षीच्या लायन्समध्ये डॅन कॅम्पबेल नावाचा एक टाइट एंड, म्हणजे आक्रमणात फळीशेजारी उभा राहून अडवण्याचे आणि झेलण्याचेही काम करणारा खेळाडू, होता, जो दुखापतीमुळे जवळजवळ सगळा हंगाम बाहेर बसला. तोच 2021 साली या संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला आणि 2024 च्या हंगामात त्याच्या हाताखाली लायन्सने सतरापैकी पंधरा सामने जिंकले.

त्या हिवाळ्यात डेट्रॉइट शहरावर आलेले संकट मात्र खेळापेक्षा फार मोठे होते. जनरल मोटर्स आणि क्रायस्लर या कंपन्या वॉशिंग्टनमध्ये सरकारपुढे मदतीसाठी हात पसरत होत्या आणि पुढच्या काही महिन्यांत दोघींनीही दिवाळखोरीचा अर्ज केला. शहराच्या परिसरात मोटारउद्योगावर पोट असलेली हजारो कुटुंबे होती, आणि नोकरीनिमित्त तेथे स्थायिक झालेले मराठी अभियंतेही त्यांत होते. अशा वेळी रविवारचा सामना हा विसावा असायला हवा होता. त्यातच लीगचा तेव्हा एक कठोर नियम होता: सामन्याच्या 72 तास आधी सगळी तिकिटे विकली गेली नाहीत तर तो सामना यजमान शहरात दूरचित्रवाणीवर दाखवला जात नसे. डेट्रॉइटमध्ये त्या वर्षी तिकिटे उरू लागली आणि काही सामने शहरातील लोकांना घरी बसून पाहताच आले नाहीत. लीगने हा नियम 2015 साली स्थगित केला, आणि तो फार आधी व्हायला हवा होता असे माझे मत आहे.

28 डिसेंबर 2008 रोजी शेवटचा सामना विस्कॉन्सिन राज्यातील ग्रीन बे येथे झाला, जेथे लायन्सने 1991 नंतर एकही सामना जिंकलेला नव्हता. तोही 31 विरुद्ध 21 असा गेला. दुसऱ्याच दिवशी मॅरिनेली यांना निरोप मिळाला. त्यांच्या जागी जिम श्वार्ट्झ आले, आणि योगायोग असा, की थँक्सगिव्हिंगला लायन्सचा धुव्वा उडवणाऱ्या टेनेसीच्या बचावाची सूत्रे त्यांच्याकडेच होती. एप्रिल 2009 मध्ये उलट्या रांगेत पहिल्या स्थानावर उभ्या असलेल्या लायन्सने जॉर्जिया विद्यापीठाचा क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्ड निवडला आणि त्याला 4 कोटी 17 लाख डॉलरची हमी दिली. एकही सामना न खेळलेल्या मुलाला एवढी रक्कम देण्यावरून देशभर वाद झाला आणि 2011 च्या नव्या करारनाम्यात नवख्यांच्या वेतनाला ठरावीक श्रेणी लावण्यात आली.

2009 चे पहिले दोन सामनेही लायन्स हरले. 2007 च्या शेवटच्या सामन्यापासून मोजले तर सलग एकोणीस पराभव झाले होते. 27 सप्टेंबर 2009 रोजी वॉशिंग्टनचा संघ डेट्रॉइटला आला आणि लायन्सने त्याला 19 विरुद्ध 14 असे हरवले. सुमारे 65 हजार आसनांच्या फोर्ड फील्डमध्ये त्या दिवशी 41 हजारांच्या आसपास प्रेक्षक होते, आणि तिकिटे उरल्यामुळे शहरात प्रक्षेपण झाले नव्हते. एकवीस महिन्यांनी मिळालेला तो विजय डेट्रॉइटच्या घराघरांतील पडद्यांवर दिसलाच नाही. जे स्टेडियममध्ये आले होते, त्यांनीच तेवढा तो पाहिला.